ज्युबिली आणि बावखल
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं म्हणून आज बँड वाजला, पताका लागल्या. तें योग्यच झालें. परंतु ज्युबिलीची आज्ञा लेवीयाच्या पुस्तकांत ज्या पंचविसाव्या अध्यायांत आहे, तेथें पताकांचा उल्लेख नाहीं. सात वेळां सात वर्षें लोटल्यावर शिंग फुंकावें, दास मोकळे करावे, विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि त्या वर्षीं भूमीस पेरणीपासून विसांवा द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. जमिनीचा मालक परमेश्वर. आपण तिच्यावरील उपरे.

शाश्वतता, चिरस्थायित्व असे जड शब्द हल्लीं फार ऐकूं येतात. मला त्यांचा अर्थ बावखलाच्या कांठींच कळतो. आपल्या वसईच्या वाडवडिलांनीं वाडींत बावखल खणलें व निघालेल्या मातीनें वाडी उंच केली. पावसाचें पाणी त्यांत सांचे, रेताड जमिनींत हळूहळू मुरे, आणि विहिरीस झरे लागत. समुद्र इतका जवळ असतां आपली विहीर गोडी कां? तर मुरलेलें गोडें पाणी हलकें, तें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें म्हणून. रहाट जेवढें ओढी तेवढें पाऊस भरून देई. उन्हाळ्यांत गाळ काढून तो केळीच्या बुंध्याशीं घालावयाचा. त्या गाळावर पोसलेल्या राजेळीची सुकेळीं ज्यांनीं खाल्लीं, त्यांस मी अधिक काय सांगूं! पुढें पंप आले, टँकर आले. गोडें उपसलें गेलें आणि खारें वर चढलें.

आतां जें सांगतों तें सांगण्यास मला लाज वाटते. मी नुकताच धर्मगुरु झालों होतों. आमच्या घरच्यांनीं बावखल बुजवून त्यावर घर बांधलें, व त्यास आशीर्वाद देण्यास मलाच बोलाविलें. मीं विहिरीचें पाणी मंत्रून शिंपडलें. कांहीं वर्षांत तीच विहीर मचूळ झाली. आईनें मला एका शब्दानेंहि बोल लाविला नाहीं. चहाचें आधण ठेवतांना ती विकतच्या पाण्याची बाटली उघडी, आणि मी मान खालीं घालीं. २०१८ च्या जुलैंत वसई पाण्याखालीं गेली, तेव्हां त्या घराच्या ओट्यावर गुडघाभर पाणी होतें.

हें आजच कां सांगतों? देवळामागील बावखल बुजवून तेथें मोटारी उभ्या करण्याची सोय करावी, असा अर्ज माझ्या मेजावर आहे. अर्ज करणारे माझे स्नेही आहेत, आणि लग्नाच्या दिवशीं अडचण होते हेंहि खरें. तरी त्यावर मी सही करणार नाहीं. रागवावयाचें असेल तर माझ्यावर खुशाल रागवा. माझी तर बदली व्हावयाचीच आहे.

पावसापूर्वीं गाळ निघाला पाहिजे. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर घमेलीं व फावडीं कांठावर ठेवलेलीं असतील. ज्यास गाळ हवा असेल त्यानें तो आपल्या केळींस न्यावा.