सरळ शब्दांचे मोल



मी प्रवचनकार नाही की विद्वान नाही. एस. एस. सी. झालेला, तालुक्याच्या कचेरीत कागद सांभाळणारा एक कारकून आहे. समितीने चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मनात आले की आज शब्दांविषयीच बोलावे.

फसवणुकीला आपल्या भाषेत शब्दांची मुळीच वाण नाही. कपट, लबाडी, थाप, बनवाबनवी, टोपी घालणे, गंडा घालणे, तोंडाला पाने पुसणे. सांगू तितके थोडे. मग त्याच्या उलट बाजूला काय आहे? तिकडेही शब्द भरपूर आहेत, पण ते गाजावाजा करीत नाहीत. सरळ, प्रांजळ, चोख, नेक, सचोटी, इमान, निष्कपट. एकेका शब्दापाशी क्षणभर थांबावे असे हे शब्द आहेत.

‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ या शब्दापासून झाला. ज्याच्या बोलण्याला माप लावता येते, तो प्रामाणिक. आपल्या बाजारात कांद्याची गोणी काट्यावर चढते, तेव्हा शेतकरी आणि व्यापारी दोघांचेही डोळे त्या काट्यावर असतात. माणसाचा शब्द असाच दोघांसमोर तोलता आला पाहिजे. ‘इमान’ हा शब्द अरबीतून आला. पण आपल्याकडे तो इतका रुजला की राखणीच्या कुत्र्यालाही आपण इमानी म्हणतो.

‘निर्व्याज’ हा शब्द ऐकला की कोणाला सोसायटीचे बिनव्याजी कर्ज आठवेल! संस्कृतात मात्र ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट. ज्या प्रेमात बहाणा नाही ते निर्व्याज प्रेम. ‘आर्जव’ या शब्दाची गंमत तर आणखी निराळी. मूळ शब्द ‘ऋजु’, म्हणजे सरळ; म्हणून आर्जव म्हणजे सरळपणा. आज मात्र आपण ‘साहेबांची आर्जवे केली’ असे म्हणतो, म्हणजे विनवण्या केल्या. सरळ माणसाला सरळ कामासाठीही विनवण्या कराव्या लागल्या, तर या शब्दाचा अर्थ आपणच फिरवला असे होईल. कचेरीच्या खुर्चीवर बसणाऱ्या माझ्यासारख्याने हे रोज ध्यानात ठेवावे.

याच आर्जवाचे विवरण आपल्या तालुक्यात झाले आहे. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवर टीका सांगितली. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे आहेत. त्यांत अदंभित्व आहे आणि आर्जवही आहे. अदंभित्व म्हणजे आपल्या पुण्याची दवंडी न पिटणे. ढोंग न करणे आणि मनाने सरळ असणे, यांना महाराजांनी ज्ञानातच बसवले. केवळ पाठांतराला ज्ञान म्हटले नाही.

महाराजांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. आम्हा लिहिणाऱ्या लोकांना हे नाव विशेष जवळचे. पुढे नकलेवर नक्कल होत गेली आणि पाठांत अशुद्धे शिरली. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, प्रत शुद्ध केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. स्वतः थोर कवी असूनही दुसऱ्याच्या ग्रंथात आपले काही मिसळायचे नाही, याला मी सचोटी म्हणतो.

कचेरीत आम्ही ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारतो. नक्कल आणि तीही खरी! बाहेरच्याला हसू येईल. पण मुळात आहे तेवढेच उतरवले, काना-मात्रेचाही फरक केला नाही, तर नक्कलसुद्धा खरी ठरते. ‘फेरफार’ हा शब्दही तसाच. बाहेर तो संशयाचा आहे. तलाठ्याच्या दप्तरात मात्र फेरफार म्हणजे संबंधितांना नोटीस देऊन, हरकतीला मुदत ठेवून, मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली नोंद. तेव्हा शब्द तोच असला, तरी उघडपणे केले तर व्यवहार आणि लपवून केले तर लबाडी.

शेजारच्या शनिशिंगणापूरची कीर्ती तुम्हाला मी काय सांगावी? तेथील घरांना दारे-कुलपे नसण्याची प्रथा सर्व देशाला माहीत आहे. 2011 साली युको बँकेने तेथे कुलूप न लावण्याची शाखा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. त्याच देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पैसे उकळल्याचा विषय 2025 साली विधानसभेत निघाला. यातून एवढेच शिकायचे की चोराला आता उंबरठा ओलांडावा लागत नाही. तो मोबाईलमधून येतो. म्हणून निष्कपट असावे, पण भाबडे असू नये. या दोन शब्दांत फार अंतर आहे.

आता आपल्या मंदिराविषयी. देणगीची पावती मागणे हा अविश्वास नव्हे आणि हिशेब दाखवणे हा अपमान नव्हे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब ठेवणे विश्वस्तांचे कर्तव्यच ठरवले आहे. कायदा नसता, तरी देवासमोर तो ठेवावाच लागला असता. कोणी विचारील, फरशीवर देणगीदाराचे नाव कोरणे हा दंभ नव्हे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे, हिशेबाच्या फळ्यावर अकरा रुपयांचे नाव आणि अकरा हजारांचे नाव एकाच अक्षरात लिहिले, म्हणजे तो दंभ राहत नाही, तो जमाखर्च होतो. मजुरीने राबलेल्या हातांची नोंदही त्याच फळ्यावर असावी, अशी माझी समितीला नम्र सूचना आहे.

दगड, सिमेंट आणि रंग यांनी देऊळ उभे राहते. पण गावाचा विश्वास खर्चाच्या वहीवर उभा राहतो. पुढच्या पिढीने ही वही उघडली आणि तिला कोठेही खाडाखोड दिसली नाही, तर आपला जीर्णोद्धार पुरा झाला असे समजावे.



रामकृष्ण हरी.