मोबाइलमधला नकाशा आणि आपली वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून आपण आजवर आहार, मुलांचे संगोपन, आयकर, संतवाङ्मय अशा विषयांवरची भाषणे ऐकली. त्या पंगतीत मोबाइलच्या ॲपचा विषय म्हणजे जरा नवखाच पाहुणा. सेक्रेटरीबाईंनी मला आधीच बजावले आहे की, इंग्रजी शब्द बेताचे असावेत आणि अर्ध्या तासात आटपावे, कारण नंतर फराळ आहे. दोन्ही अटी पाळण्याचा प्रयत्न करते.

प्रवाशांनी वापरायच्या ॲपची मांडणी आखणे हा माझा व्यवसाय. पुष्कळांना वाटते की मी यंत्राची गणिते लिहिते. ती लिहिणारी मंडळी वेगळी. बटण कोठे असावे, अक्षर केवढे असावे, प्रवाशाला आधी काय विचारावे आणि काय विचारूच नये, हे ठरवणे माझ्याकडे. घर बांधताना भिंत किती जाड हे इंजिनियर सांगतो. पण स्वयंपाकघरातला ओटा किती उंच हवा, हे त्या ओट्यापाशी उभे राहणाऱ्या बाईला विचारावे लागते. न विचारता बांधलेल्या ओट्याशी कंबर वाकवून आपल्यापैकी कितीजणींनी जन्म काढला, ते मी सांगायला नको. ॲपचेही तसेच आहे. पहिला आराखडा कितीही हुशार माणसाने केला तरी तो गवंड्याच्या उंचीचा असतो. पुढे वापरणाऱ्यांचे ऐकून तो खाली-वर करावा लागतो.

ह्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले, ते जरा सविस्तर सांगते.

गूगलचा नकाशा हिंदुस्थानात आला तेव्हा वाट सांगण्याची त्याची रीत परदेशातली होती. अमुक रस्त्याने इतके मीटर जा, मग तमुक रस्त्यावर उजवीकडे वळा. ज्या गावात प्रत्येक कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची पाटी आहे आणि लोकही ते नाव घेतात, तेथे ही रीत उत्तम. पण आपल्या पुण्यात कोणाला वाट विचारून पाहा. रस्त्याचे पाटीवरचे नाव कोणी सांगेल तर शपथ. 'पत्र्या मारुतीवरून सरळ जा', 'जिलब्या मारुतीपाशी विचारा', 'पासोड्या विठोबाच्या अलीकडे वळा', 'अलका टॉकीजच्या चौकात उतरा'. आपल्या देवांना ही नावे भक्तीने पडली की पत्ता सांगण्याच्या सोयीने, असा कधी कधी प्रश्न पडतो. बरे, खूण जागेवर असलीच पाहिजे असेही नाही. लकडी पुलाला आज लाकूड नाही, आणि पाटीवर त्याचे नाव संभाजी पूल. स्वारगेटला गेट नाही. शिवाजी पूल १९२३ साली बांधला. त्याला शंभर वर्षे उलटून गेली तरी तो आपला 'नवा पूल'च. बाहेरगावच्या माणसाने हे ऐकले तर तो नव्या पुलाच्या शोधात गावभर हिंडायचा.

तेव्हा त्या कंपनीच्या लोकांनी एक शहाणपणाचे काम केले. ते लोकांत मिसळले. निरनिराळ्या दुकानांना टेलिफोन करून 'तुमच्याकडे यायचे कसे?' असे विचारले, आणि उत्तरे टिपून घेतली. काही लोकांना कागदावर वाट काढून दाखवायला सांगितले. आपण कोणाला वाट सांगितली, आपल्याला कोणी कशी सांगितली, ह्याची काहीजणांना नोंद ठेवायला लावली. इतकेच नव्हे, तर अनोळखी ठिकाण शोधत निघालेल्यांच्या मागोमाग हे लोक चालत गेले. निष्कर्ष निघाला तो आपल्या आजीलाही ठाऊक होता: माणसे खुणेने चालतात. मात्र त्या खुणा कशासाठी लागतात, ह्याची त्यांनी केलेली फोड मला फार आवडते. पहिली गरज निघतानाच लागते. बसमधून उतरल्यावर तोंड कोणीकडे करायचे, हेच आधी कळत नाही. अशा वेळी 'देवळाकडे पाठ करून चालू लागा' हे सांगणे शंभर मीटरच्या हिशेबापेक्षा उपयोगी. दुसरी गरज वळणापाशी. आणि तिसरी, जिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही, ती धीराची. वळण यायला अजून वेळ आहे, रस्ता लांबच लांब. 'मी चुकले तर नाही ना?' ही शंका मनात येते. तेव्हा 'डाव्या हाताला पेट्रोलपंप लागेल' असे कोणी सांगितले असेल आणि तो दिसला, म्हणजे जीव भांड्यात पडतो. वाट सांगताना धीर देणेही आले, हे एरवी यंत्राला कोण सांगणार?

डिसेंबर २००९ मध्ये त्या नकाशाने हिंदुस्थानापुरती खुणा धरून वाट सांगायला सुरुवात केली. रस्त्यावरच्या माणसाचे ऐकून बदललेली मांडणी म्हणतात ती ही.

गोष्ट तेथे संपली नाही. आपल्याकडे मोटारीपेक्षा स्कूटर आणि मोटरसायकली जास्त. त्यांना मोटारीची वाट सांगितली तर बोळातली जवळची वाट सोडून लांबचा वळसा पडतो. डिसेंबर २०१७ मध्ये दुचाकीसाठी वेगळी सोय झाली, आणि तीही पहिल्यांदा आपल्याच देशात. त्यातला एक बारकावा पाहण्यासारखा आहे. दुचाकी चालवताना मोबाइलकडे पाहता येत नाही, पाहूही नये. म्हणून वाटेवरच्या ठळक खुणा नकाशावर मोठ्या दाखवल्या, म्हणजे निघण्यापूर्वीच वाट मनात बसावी. बसवणाऱ्याने 'आमचा पडदा सारखा पाहा' असा हट्ट न धरता, 'एकदा पाहा आणि मोबाइल ठेवून द्या' असे म्हणावे, हे मला धंद्यातल्या मोठ्या मनाचे लक्षण वाटते.

नावांचाही असाच घोळ होता. ठिकाणांची नावे इंग्रजीत भरलेली. मराठीत शोधले तर सापडत नसत. २०२१ च्या जानेवारीत मराठी धरून दहा भारतीय भाषांत ती आपोआप लिहिण्याची सोय झाली. ऐकायला सोपे वाटते, पण आपली नावे म्हणजे मिसळ. 'एन. आय. टी. गार्डन' घ्या. पहिली तीन अक्षरे सुटी वाचायची, पुढचा शब्द अखंड, आणि यंत्राला ते कळायला हवे. नाहीतर 'निट गार्डन' व्हायचे.

आता जरा माझ्या कामाकडे येते. लोकांचे ऐकावे हे सगळेच म्हणतात. पण लोक खरे सांगतात कोठे? एखाद्या काकूंच्या हाती मोबाइल देऊन 'कसे आहे हो?' विचारले, तर त्या म्हणणार, 'छान आहे हो, मलाच मेलीला जमत नाही.' आपल्या बायकांची ही सवय मला कामात फार नडते. दोष वस्तूचा, आणि तो घेतात स्वतःच्या माथी. पाहुणचारात मीठ कमी पडले तरी पाहुणा 'झकास' म्हणतो, त्यातलाच प्रकार. म्हणून आम्ही मत विचारत नाही, काम सांगतो: 'येथून स्वारगेटला जाणारी पुढची बस कधी, ते शोधून दाखवा.' आणि मग तोंड मिटून बाजूला बसतो. बोट कोठे अडखळते, चष्मा वर केव्हा जातो, कोणत्या जागी त्या थांबून 'अगंबाई' म्हणतात, ते टिपून घ्यायचे. मदत करायची नाही, हा त्यातला सर्वांत कठीण भाग.

स्टीव्हन हूबर नावाच्या गृहस्थांनी २०१३ साली रस्ते, विमानतळ, बसथांबे, आगगाड्या अशा ठिकाणी मोबाइल वापरणाऱ्या १,३३३ माणसांचे नुसते निरीक्षण केले. पडद्याला बोट लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने काम भागवत होते. आपल्या बसमध्ये पाहिले तर कारण लगेच दिसते: एक हात वरच्या दांडीला, खांद्याला पर्स, कोपराशी भाजीची पिशवी, आणि काम करायला उरला तो एक अंगठा. त्या अंगठ्याला जेथे पोहोचता येत नाही, तेथे तिकिटाचे बटण ठेवणे म्हणजे डबा फळीच्या वर ठेवून स्टूल लपवणे होय. बोट टेकवण्याची जागा सुमारे नऊ मिलिमीटर असावी असा गूगलचा संकेत आहे. तो कोणाच्या लहरीने ठरलेला नाही, बोटाचे टोकच मुळी तेवढे असते.

ह्याला शेकडो माणसे लागत नाहीत, हेही सांगते. जेकब नीलसन ह्या जाणत्याने २००० साली लिहून ठेवले आहे की, पाच माणसांना वापरायला दिले तरी बहुतेक अडचणी बाहेर पडतात. त्यांच्या हिशेबाने सुमारे ८५ टक्के. पंधराजणांना एकदम बसवण्यापेक्षा पाचजणींना दाखवा, दुरुस्त करा, मग दुसऱ्या पाचजणींना दाखवा. पाचजणी तर आपल्या मंडळात चहाला नेहमीच असतात.

येथवर झाले ते वाट सापडण्याचे. पण मैत्रिणींनो, वाट सापडली म्हणजे ती धरता येतेच, असे आपल्या बाबतीत आहे का? रात्री साडेदहाच्या बसने उतरणारी आपली मुलगी किंवा सून डोळ्यांपुढे आणा. नकाशा जवळची वाट दाखवतो, चार मिनिटे वाचतात. ती मात्र लांबून येते, कारण लांबच्या वाटेवर औषधाचे दुकान उघडे असते आणि दिवे असतात. नकाशाच्या लेखी ती वाट चुकली. तो तिला पुनःपुन्हा बोळाकडे वळवू पाहतो. तिला ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही, कारण कोणी त्याला सांगितलेलेच नाही.

हे सांगण्याची रीत बायकांनीच काढली. कॅनडातील टोरांटो येथे मेट्रॅक ह्या संस्थेने १९८९ मध्ये असा पायंडा पाडला की, बायकांनी मिळून वस्तीत फिरावे आणि कोठे भीती वाटते, का वाटते, हे लिहून काढावे. दिल्लीत जागोरी ह्या स्त्रियांच्या संस्थेने तशा फेऱ्या काढल्या. त्या कामातून आलेल्या कल्पना विश्वनाथ आणि त्यांचे सहकारी आशीष बसू ह्यांनी २०१३ मध्ये 'सेफ्टीपिन' नावाचे ॲप काढले. नाव मोठे गमतीचे. आपल्या आयांच्या पदराला लावलेली ती पिन गर्दीत कशाकशाला उपयोगी पडे, ते येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

ह्या ॲपमध्ये एकेका जागेबद्दल नऊ गोष्टी पाहायच्या असतात. दिवे आहेत का, जागा मोकळी आहे का की आडोसे आहेत, आजूबाजूच्या खिडक्या-दुकानांतून कोणाची नजर पोहोचते का, माणसांची वर्दळ, पहारा, चालायला धड वाट, जवळ बस किंवा रिक्षा, त्या वर्दळीत बायका-मुले किती, आणि शेवटी, तुमच्या मनाला तेथे कसे वाटते. मन नववे आहे, पण ते गाळलेले नाही. पुढे असे दिसले की ज्या रस्त्याला बायका फिरकतच नाहीत, त्याबद्दल कोणी काही भरतच नाही. म्हणजे नेमका वाईट रस्ता कोरा राहतो. तेव्हा रात्री फिरणाऱ्या भाड्याच्या मोटारींवर मोबाइल बसवून रस्त्यांची छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून दिव्यांची नोंद केली. दिल्लीतील हजारो अंधाऱ्या जागांची अशी माहिती सरकारपर्यंत गेली, आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणी दिवे लागले.

ह्याउलट एक गोष्ट २०१४ सालची, न्यूयॉर्ककडची. 'स्केचफॅक्टर' नावाच्या ॲपने लोकांना विचारले ते साधारण एवढेच की, तुम्हाला कोणती जागा धास्तीची वाटते? लगेच त्यावर टीका उठली की, अशाने काळ्या आणि गरीब लोकांच्या वस्त्यांवरच शिक्का बसायचा. ती टीका मला रास्त वाटते. 'त्या वस्तीतून नको बाई जायला' असे आपणही सहज बोलून जातो, आणि त्या वस्तीत आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई राहतात. त्यांनाही रात्री त्याच बोळातून घरी जायचे असते. 'वस्ती वाईट' म्हटले तर नगरपालिका काही करू शकत नाही. 'तिसऱ्या खांबाचा दिवा बंद आहे, आणि सार्वजनिक नळाच्या मागे आडोसा आहे' म्हटले, तर वायरमन पाठवता येतो. ॲप आखणारी म्हणून मलाही दुसऱ्या तऱ्हेचे वाक्यच उपयोगी पडते.

म्हणून अध्यक्षीणबाईंच्या संमतीने एक ठरवले आहे. येत्या गुरुवारी रात्री आठ वाजता बसथांब्यापासून मंडळाच्या दारापर्यंत, आणि पुढे मागच्या बोळातून नदीकडच्या वस्तीपर्यंत, आपण फेरी काढणार आहोत. वस्तीतल्या दोघी-तिघींनी यायचे कबूल केले आहे; बोळाची खरी माहिती त्यांनाच आहे. नऊ रकान्यांचे मराठी कागद मी छापून आणले आहेत, ते फराळाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. ज्यांच्याकडे तसा मोबाइल नाही त्यांनी कागदावर लिहावे. मी आणि माझी भाची ते नंतर चढवू, आणि एक प्रत नगरसेवकांकडे देऊ. ज्यांना ॲप वापरून पाहायचे आहे त्यांनी अवश्य वापरावे, मात्र कोठे अडले ते मला सांगावे, आणि 'मलाच जमत नाही' हे वाक्य त्या दिवसापुरते घरी ठेवून यावे.

नावे सेक्रेटरीबाईंकडे द्यावीत. पायांत सोयीच्या चपला असाव्यात. बॅटरी मात्र कोणी आणू नये. अंधार किती आहे हेच पाहायचे आहे.