आधी साबण, मग घाण

मोटारीचं इंजिन उघडलं की आत काळा, मेणचट थर दिसतो. तेल, धूळ, काजळी सगळं एकजीव झालेलं. बोटांना लागलं तर साध्या साबणानं सुटत नाही. इंग्रजी बोलीत याला 'गंक' म्हणतात. अर्थ तुम्हाला ठाऊक असेलच. मला बोलायचं आहे ते या शब्दाच्या सालाबद्दल.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन गावी ए. एफ. करन नावाची कंपनी होती. १९३२ साली 'गंक' हे तिचं व्यापारी नाव झालं, आणि ते होतं ओशटपणा काढणाऱ्या एका दाट साबणाचं. नीट ऐका, घाणीचं नव्हे, घाण काढणाऱ्याचं! घाण या अर्थानं हा शब्द सापडतो तो पुढं, १९४०च्या दशकात.

हे झालं कसं? पितळेचा तांब्या चिंचेनं घासून पाहा. जरा वेळानं हाताला लागतो तो काळपट लगदा. त्यात चिंच किती आणि तांब्यावरचं पुट किती, वेगळं सांगता येत नाही. मोरीत दोन्ही मिळूनच वाहून जातं. आता त्या लगद्यालाच कुणी चिंच म्हणू लागलं, आणि पुढं न घासलेल्या तांब्यावरही 'चिंच चढली' म्हणू लागलं, तर? गंकचं असंच झालं असावं, असं मला वाटतं. कोशकारसुद्धा हे मूळ देताना 'बहुधा' म्हणतात. तो 'बहुधा' कृपा करून गाळू नका.

आपण मात्र नुसत्या आवाजावर भाळतो. चिकट पदार्थाला इंग्रजीत 'गू' असाही शब्द आहे. तो आपल्याकडूनच तिकडे गेला, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. असं करू नका हो! आपला शब्द संस्कृत 'गूथ'वरून आलेला. त्यांचा अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो. खलाशांच्या ओटच्या लापशीला 'बर्गू' म्हणत, त्यावरून तो आला असावा, हा एक अंदाज. बर्गूचा माग पुढं अरबी 'बुरघुल'पर्यंत, म्हणजे भरडलेल्या गव्हापर्यंत लागतो. पण तेवढा वेळ आता उरलेला नाही.

पुन्हा सांगतो, साबण १९३२चा, घाण नंतरची. यापुढं कुणी शब्दाचं मूळ सांगितलं, तर आधी साल विचारा, आणि त्या अर्थानं तो शब्द पहिल्यांदा कुठं छापलेला सापडला, तेही विचारा.