मारणं आणि जिवे मारणं



आपल्या मराठीत आई पोराला मारते आणि वाघ गाईला मारतो, क्रियापद एकच. म्हणून जीव घेण्याची गोष्ट निघाली की आपण ‘जिवे’ हा शब्द आवर्जून जोडतो. कोर्टात आरोपीचा बचाव बरेचदा याच शब्दावर उभा असतो: मारलं खरं, पण जिवे मारायचं नव्हतं.

मार्च १९५८. सर्वोच्च न्यायालय तेव्हा दिल्लीत संसद भवनातच बसत असे. आज टिळक मार्गावर दिसते त्या इमारतीत ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेलं. समोर पंजाबातल्या विरसा सिंगचं अपील होतं. १३ जुलै १९५५ च्या रात्री त्याने एकाच्या पोटात भाला खुपसला. वार एकच, पण आतडी बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माणूस गेला. इथेही त्याच्या वकिलांचं म्हणणं असं, की जीव जाईल इतकी जखम करण्याचा इरादा सिद्धच झालेला नाही.

निकाल लिहिला नागपूरच्या न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी. निवृत्तीनंतर त्यांना पुन्हा बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, प्रश्न दोन आहेत, त्यांची गल्लत करू नका. जी जखम झाली, तीच करायची होती का? की तो माणूस ऐनवेळी वळला, हात निसटला, भाला भलतीकडे लागला? इथे आरोपीचं मन बघायचं. पण ती जखम जीव घेण्यास पुरेशी होती का, हे जखमेवरूनच ठरतं. आरोपीला ते ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायचं नाही. अपील फेटाळलं गेलं.

इंग्लंडात खुनाची व्याख्या याहून सैल आहे. जबर दुखापत करण्याचा इरादा होता आणि माणूस मेला, तर तो खून. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. जखमही तशीच प्राणघातक असावी लागते, एरवी गुन्हा सदोष मनुष्यवधावर येऊ शकतो. मला आपला नियम अधिक न्याय्य वाटतो. जन्मठेप की काही वर्षांची कैद, हे त्यावर ठरतं.

दंड संहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या कलम ३०० चं १०१ झालं. पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीच्या पिंजऱ्यात आजही विचारतात: ही जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का?