जळालेली कॉइल काय सांगते

मी काही वक्ता नाही. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. आयटीआय झालेली मुलं कामाला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "काका, या लाइनमध्ये स्कोप किती?" मी त्यांच्यासमोर एक जळालेली मोटर ठेवतो.

थ्री फेज मोटर उघडली की आतल्या कॉइल बोलतात. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर बहुधा लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज कमी पडलं. पण काही कॉइल काळ्या आणि काही नव्यासारख्या दिसल्या, तर चालू मोटरची एक फेज गेली असं समजा. मोटर स्टारमध्ये असेल तर दोन फेजच्या कॉइल जळतात, एक वाचते. डेल्टामध्ये उलट, एका फेजच्या जळतात, दोन वाचतात. का? स्टारमध्ये एक लाइन तुटली की सगळा करंट उरलेल्या दोन वाइंडिंगमधूनच जातो. डेल्टात जे वाइंडिंग चालू राहिलेल्या दोन लाइनींना थेट जोडलेलं असतं, मुख्य मार त्याच्यावर बसतो. कागदावर आकृती काढलीत तर दहा मिनिटांत कळेल. ती काढायचा कंटाळा करणारेच जास्त भेटतात!

टर्न मोजायचे, तारेचा गेज बघायचा आणि होतं तसं भरून द्यायचं, एवढं काम मुलगा वर्षभरात शिकतो. मोटर चालतेही. पण कारखान्यात फ्यूज सैल असेल किंवा कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट खराब असेल, तर तीच मोटर आठ दिवसांत पुन्हा आमच्या दारात. ज्याला कॉइल वाचता येते तो मोटर परत देतानाच म्हणतो, "आधी तुमचा स्टार्टर दाखवा."

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. ते फोटोग्राफी शिकले तेव्हा सिनेमा मुंबईत पोहोचलाही नव्हता. मग स्कोप विचारणार कुणाला? पुढे ब्लॉक करणं, छपाई, सगळं हाताखालून गेलं. म्हणून १९१२ साली लंडनला जाऊन काही आठवड्यांतच त्यांना सिनेमाचं तंत्र उचलता आलं, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्या काही आठवड्यांच्या मागे वीसेक वर्षं होती.

आता पैशाचं बोलू. माझ्याकडच्या एका मुलाला दुसऱ्या दुकानानं महिना दोन हजार जास्त देऊ केले. काम फक्त कॉइल भरायचं, नगावर. टेस्टिंग नाही, कारखान्यात जाणं नाही. त्याच्या घरी कर्जाचे हप्ते. "पैशामागे धावू नका" असं व्यासपीठावरून सांगणाऱ्याचे स्वतःचे हप्ते बहुतेक फिटलेले असतात, त्यामुळे मी त्याला तसं काही म्हटलं नाही. हिशेब मांडला. पगार मी हजारानं वाढवतो, उरलेल्या हजाराच्या बदल्यात सहा महिने माझ्याबरोबर प्रत्येक कारखान्यात चल. टाँग टेस्टर तू धरायचा, मोटर का जळली ते पार्टीला तू सांगायचं. घरी विचारून ये म्हटलं. तो दोन दिवसांनी आला आणि राहिला. त्या सहा महिन्यांत त्याच्या आईनं घर कसं ओढलं, ते मला ठाऊक आहे. शिकण्याची किंमत घरातलं कुणीतरी मोजत असतं.

सहा महिने झाल्यावर तो गेला. अंकलेश्वरला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला, पगार माझ्या आवाक्याबाहेरचा. मध्ये एकदा रात्री अकराला त्याचा फोन आला.

"काका, ३६ पैकी १२ कॉइल काळ्या आहेत. बाकी चकचकीत."

मी विचारलं, "कनेक्शन?"

"डेल्टा. फ्यूज काढून बघितला, एक गेलेला सापडला. आता तो का गेला, ते शोधतोय."

मी म्हटलं, "मग मला कशाला उठवलंस?"