दोन मैलांची जाहिरात आणि दोन गल्ल्यांचा व्यवसाय

(नाशिक येथे छोट्या सेवा-व्यावसायिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पंधरा-वीस वर्षे काढलेला एखादा कुशल कामगार. कारखान्याला टाळे लागते किंवा कंत्राट संपते. हातातील कसबावर भरवसा ठेवून तो सिडकोत एक गाळा भाड्याने घेतो. पंपदुरुस्ती, वायरिंग, नळाची कामे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम संपते, घरच्या लक्ष्मीच्या बांगड्या पतपेढीत जातात. उद्घाटनाच्या दिवशी चौकात भलामोठा फ्लेक्स लागतो, केबलवर पट्टी फिरते, हजारो पत्रके वाटली जातात. तिसऱ्या महिन्यात मात्र गल्ल्यात खडखडाट असतो. आणि शेजारच्याच इमारतीत एखाद्या वहिनी गळक्या नळाखाली बादली ठेवून विचारत असतात, ‘‘चांगला माणूस आहे का हो कुणी ओळखीचा?’’ पन्नास पावलांवर दुकान आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

हे चित्र नाशिकला अपरिचित नाही. अशा वेळी ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ असा शेरा मारून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. तो शेरा अन्यायाचा आहे. त्या माणसाला काम येत होते, कष्टाची तयारी होती. चूक एवढीच, की वहिनींच्या प्रश्नातील ‘ओळखीचा’ हा शब्द त्याने ऐकला नाही. त्याने लोकांचे लक्ष विकत घेतले. लोकांना हवी होती ओळख. घरात परका माणूस शिरणार असेल तेव्हा गृहिणी आधी विश्वास पाहते, दर नंतर.

फाळक्यांचा वाटाणा

तुटपुंज्या पैशांत जाहिरात कशी करावी, याचा धडा घेण्यासाठी नाशिककरांना परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हा या नगरीचा अभिमानाचा विषय. १९१२ साली विलायतेहून ते परतले तेव्हा विम्याची पॉलिसी गहाण पडलेली होती. चित्रपट काढायचा तर भांडवल हवे, आणि जी गोष्ट या देशात कुणी केलीच नाही तिच्यासाठी पैसे देणार कोण? फाळक्यांनी काय केले? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची चित्रे टिपली. बी रुजते, कोंब वर येतो, वेल चढते. सारे मिनिटभरात पडद्यावर! ‘अंकुराची वाढ’ हा तो चिमुकला चित्रपट त्यांनी निवडक मंडळींना दाखविला आणि कर्ज द्यायला माणसे पुढे आली. बाकीची रक्कम सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभी राहिली.

या प्रसंगातील व्यवहार पाहा. फाळक्यांनी मोजक्याच माणसांना गाठले आणि त्यांच्यापुढे काम करून दाखविले. खर्च मूठभर वाटाण्यांचा आणि महिन्याभराच्या चिकाटीचा. हातात थोडे भांडवल असलेल्याने सर्वप्रथम गिरवावा, तो हा धडा.

पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला गेला, तेव्हाची हकिकत प्रसिद्ध आहे. तेथील प्रेक्षकाला रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांची सवय. तासाभराच्या खेळासाठी तो पैसे का मोजील? पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे तीन रुपये. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात दिली, की सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि तेही केवळ तीन आण्यांत! लोक लोटले. उत्पन्न तीनशेवर गेल्याचे सांगतात.

आता थोडे गणित करू. या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास बरोबर. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट! तेथे अतिशयोक्ती झाली. फाळक्यांचे मोठेपण त्याने उणावत नाही. नव्या कलेकडे लोकांना खेचण्याची ती धडपड होती. परंतु एक फरक ध्यानी घ्यावा. खेळ संपला की तंबू उठतो, गाव बदलते. गल्लीतील वायरमनला तंबू उठविता येत नाही. आज ‘चोवीस तास सेवा’ असे फलकावर लिहिले आणि उद्या रात्री अकरा वाजता दूरध्वनी उचलला नाही, तर परवा सकाळी दूधकेंद्रावर ती बातमी असते. ज्याला त्याच दोन गल्ल्यांत आयुष्य काढायचे आहे, त्याने सत्तावन्न हजार जरूर सांगावेत. दोन मैल सांगू नयेत.

रामकुंडावरची वही

दुसरे उदाहरण रामकुंडावरचे. तीर्थोपाध्यायांच्या घरोघरी जुन्या वह्या आहेत. यात्रेकरू येतो, आपले गाव आणि आडनाव सांगतो. उपाध्ये वही काढून त्याचे आजोबा केव्हा आले होते, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवितात. पूर्वजांचे हस्ताक्षर पाहून नातवाचे डोळे पाणावतात. त्या क्षणी ते घराणे त्या उपाध्यायांशी पुन्हा जोडले जाते, आणि नातूही आपले नाव वहीत लिहून जातो. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी सेवा-व्यवसायाचे हे एक उत्तम शास्त्र आहे.

आपल्यापैकी किती जणांकडे अशी वही आहे? कोणाचे काम केले, केव्हा केले, कोणता सुटा भाग बसविला, पुढची देखभाल केव्हा, या चार ओळी लिहिण्यास खर्च किती? सहा महिन्यांनी ‘‘काकू, मोटार नीट चालते ना?’’ एवढे विचारले, तर ती चौकातील फ्लेक्सहून मोलाची जाहिरात होते. नवे गिऱ्हाईक मिळविण्यास पैसा लागतो. जुने टिकविण्यास स्मरण पुरते.

पैसा कोठे घालावा?

प्रथम, फलक. तो स्वच्छ असावा, रात्री दिसावा आणि नाव वाचताच काम कळावे. ‘श्री एंटरप्रायझेस’ म्हणजे काय, हे ब्रह्मदेवालाही उमगत नाही; ‘पंप व मोटार दुरुस्ती’ हे शाळकरी मुलालाही उमगते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी फलक बंधनकारक झाला आहे. जे कायदा सांगतो, तेच व्यवसायाच्याही हिताचे आहे.

दुसरे, जे फुकट आहे ते आधी वापरावे. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य होते. व्यवसायासाठीचे व्हॉट्सअ‍ॅप २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यात कामांची यादी आणि छायाचित्रे ठेवता येतात. पूर्ण झालेल्या कामाचे आधीचे व नंतरचे छायाचित्र, घरमालकाच्या संमतीने, हा आपला वाटाणा! मात्र सोसायटीच्या गटावर रोज सकाळी जाहिरात टाकणारा लवकरच नकोसा होतो.

तिसरे, पत्रके. दहा हजार पत्रके शहरभर उधळण्यापेक्षा चालत दहा मिनिटांच्या अंतरातील पाचशे घरांत तीच पत्रके दोन-तीनदा द्यावीत. वेळही साधावी. नाशिकची थंडी सुरू होण्याआधी गिझरची, उन्हाळ्याच्या तोंडावर पंप-कूलरची, पावसाआधी गळतीची.

चौथे, हिशेब. ‘‘आमचा पत्ता कोणी दिला?’’ हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून उत्तर वहीत लिहावे. समजा, पत्रकांवर दोन हजार खर्च झाले आणि त्यातून चार कामे आली. तर प्रत्येक काम पाचशे रुपयांना पडले. त्या कामात चारशेच सुटत असतील, तर ती जाहिरात तोट्याची, मग लोकांनी तिचे कितीही कौतुक करो. आणि हो, स्मरणिकेतील जाहिरात! उत्सवाच्या स्मरणिकेला कार्यकर्ता म्हणून अवश्य पैसे द्यावेत. परंतु ते देणगीच्या खात्यात लिहावेत, जाहिरातीच्या नव्हे. दोन्ही खाती एक झाली, की व्यवसायही बुडतो आणि देणगीही आटते.

काय टाळावे?

परवानगीवाचून चौकात फलक लावणे, भिंती रंगविणे, यास १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेला. आपला फ्लेक्स लहान असेल. नियम मोडण्याची सवय मात्र तीच. भाच्या-पुतण्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेणे हाही अप्रामाणिकपणाच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाहून मोठी शिक्षा शेजाऱ्याच्या नजरेत असते.

आणि ग्राहक म्हणून आपलेही कर्तव्य आहेच. ‘स्थानिक माणूस पुढे आला पाहिजे’ असे सभेत म्हणायचे आणि घरचा पंप बिघडला की भ्रमणध्वनीवर दूरच्या कंपनीला बोलवायचे, ही विसंगती आपल्या घरापासून दूर व्हायला हवी. त्याचे काम चांगले झाले, तर दोन घरी सांगावे. वाईट झाले, तर आधी त्यालाच सांगावे. सुधारण्याची संधी द्यावी. घासाघीस करून ठरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत. कारागिराचे घर त्यावर चालते.

पतपेढीतील त्या बांगड्या सोडवायच्या असतील, तर मोठ्या फ्लेक्सची आवश्यकता नाही. एक स्वच्छ फलक, एक वही, पाचशे घरे आणि दिलेल्या वेळेला वाजणारी दारावरची कडी, एवढे पुरे आहे. मग पुढच्या खेपेस वहिनींनी ‘‘ओळखीचा आहे का कुणी?’’ असे विचारले, की समोरच्या दारातूनच उत्तर येईल, ‘‘आहे ना, आपल्या खालचाच!’’