विगन: शिंपल्यांच्या खिडक्यांचं गाव



फिलिपिन्स म्हटलं की आपल्याला मनिला आठवतं, फार तर तिथले समुद्रकिनारे. आज मात्र मनिलाच्या उत्तरेला, साधारण चारशे किलोमीटरवर, लुझोन बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या एका गावात जाऊ या. त्याचं नाव विगन. मनिलाहून रात्रीची बस धरायची, सकाळी उतरायचं आणि टांगा करायचा. टांग्याला तिथं कालेसा म्हणतात आणि तो अजूनही रोजच्या वापरात आहे.

चिनी व्यापारी इथं पूर्वापार येत होते, १५७२ मध्ये ह्वान दे साल्सेदो या स्पॅनिश सरदारानं ठाणं वसवलं, आणि चिनी व स्थानिक इलोकानो अशा मिश्र घराण्यांनी व्यापाराच्या पैशातून मोठाले वाडे बांधले, एवढा इतिहास पुरे. मनिलाचा जुना स्पॅनिश कोट १९४५ च्या लढाईत बेचिराख झाला. विगन वाचलं, म्हणून ते वाडे आज पाहायला मिळतात.

या वाड्यांचा खालचा मजला विटांचा, जाड भिंतींचा, वरचा लाकडी. आणि खिडक्यांना काच नाही, शिंपले आहेत! कालवाच्या जातीतला चपटा, पातळ शिंपला चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवतात. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत मऊ उजेड येतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. तिथं पोर्तुगीज, इथं स्पॅनिश, पण शिंपला तोच. आपल्याकडे दुरुस्तीला माणूस मिळत नाही म्हणून हे शिंपले काढून काचा बसवल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. विगनमध्येही सारं आलबेल नाही. २०२२ च्या जुलैतल्या भूकंपानं कित्येक जुन्या भिंतींना तडे गेले. शिवाय काये क्रिसोलोगो या मुख्य रस्त्यावर वाड्यांच्या तळमजल्यांवर आता भेटवस्तूंचीच दुकानं दिसतात. वाडे टिकायला पैसा लागतो हे खरं, पण त्या दुकानांतल्या किल्ल्यांच्या साखळ्या आणि फ्रिजवरची चुंबकं कुठल्याही गावात मिळतात.

म्हणून मी सांगेन, कुंभारांकडे जा. बुर्नाय नावाचे मोठे, काळपट रांजण तिथं घडतात. ही कला चिनी कारागिरांनी आणली. मी गेलो तेव्हा एक रेडा माती तुडवत गोल फिरत होता आणि म्हातारे कुंभार पायानं चाक ढकलत होते. सगळे त्यांना लोलो, म्हणजे आजोबा, म्हणत. त्यांनी मला हातानं खूण करून चाकाजवळ बसवून घेतलं. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही; रांजणाचा गळा वर येईपर्यंत त्यांची नजर हलली नाही. मग त्यांनी भट्टी दाखवली, उतारावर बांधलेली, लांबलचक बोगद्यासारखी. प्लास्टिकच्या पिंपांनी रांजणांचं गिऱ्हाईक तोडलं, ही त्यांची तक्रार आपल्या कुंभारवाड्यांतही ऐकू येते.

याच रांजणांत बासी मुरते, उसाचा रस उकळून, त्यात झाडपाला घालून आंबवलेली दारू. स्पॅनिश सरकारनं घरोघरी बासी करायला बंदी घातली आणि ती सरकारी दुकानातूनच विकत घ्यायला लावली. १८०७ मध्ये इलोकानो शेतकरी उठले. बंड चिरडलं गेलं, अनेकांना फासावर चढवलं. पुढे १८२१ मध्ये एस्तेबान व्हिल्यानुएवा यानं त्या बंडाची चौदा चित्रं काढली. विगनच्या संग्रहालयात ती आहेत. आकाशातला धूमकेतूसुद्धा त्यात आहे. मी ती पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

संध्याकाळी प्लाझा बुर्गोसवर या. चौकाला ज्यांचं नाव आहे ते पाद्री होसे बुर्गोस विगनचेच. १८७२ मध्ये स्पॅनिशांनी त्यांना मारलं, आणि फिलिपिनो कादंबरीकार होसे रिझाल यांनी आपली दुसरी कादंबरी त्यांना व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना अर्पण केली. त्याच चौकात एम्पानाडाच्या गाड्या लागतात. तांदळाच्या पिठाची पातळ पारी, तिला शेंद्रीचा केशरी रंग, आत किसलेली कच्ची पपई, लसूण घातलेलं सॉसेज आणि वरून फोडलेलं अंडं. मुडपून कढईत सोडतात. सोबत उसाचा व्हिनेगर. तांदूळ इथला, सॉसेज स्पेनचं; पपई आणि शेंद्री मेक्सिकोहून गलबतांनी पॅसिफिक ओलांडून आलेली. मला वाढणारी बाई मात्र ठासून म्हणाली, हे आमचं, विगनचं. मला तिचं पटलं.

पण फिलिपिनो माणसाची ओळख स्पेन आणि अमेरिकेपुरती सांगितली की मला राग येतो; स्पॅनिशांच्या आधीचाही इतिहास तिथं आहे. १९८९ मध्ये मनिलाजवळ लागुना प्रांतात एक ताम्रपट सापडला. त्यावर तिथी आहे, शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार. मजकूर एका कुटुंबाच्या कर्जमाफीचा. आपल्या पंचांगात जो शक आपण रोज वाचतो, त्याच शकात तिथं अकराशे वर्षांपूर्वी हिशेब मिटवले जात होते! आपल्या शाळांत हे कुणी सांगत नाही.

विगनला जाणार असाल तर मेच्या सुरुवातीला जा. तेव्हा विगनचा कलामहोत्सव भरतो, आणि कापूस काठ्यांनी झोडपण्याचं जुनं काम मुलंमुली नाचून दाखवतात. त्याच सुमारास विगनच्याच कामांगगान भागातल्या विणकरांकडे चक्कर टाका. माग हातानं चालतात, आणि आबेल कापडावरची वावटळीची नक्षी पाहताना डोळे गरगरतात. कापड घ्यायचं तर तिथंच, मागावर बसलेल्या बाईकडून घ्या.